खोचायला जागा

गादीचं नाव निघालं आणि पट्टीरावांच्या कानात वारं शिरलं. एरवी हा माणूस सकाळचा चहासुद्धा पंचनामा केल्यासारखा गंभीरपणे पिणारा. पण त्या दिवशी चहा टेबलावर तसाच ठेवून ते टेप घेऊन मागच्या खोलीत गेले, पलंग मोजला, बाहेर आले, काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा आत गेले, पुन्हा मोजला, आणि बायकोला म्हणाले, "अगं, तेवढाच आहे."

"वाढेल असं वाटलं होतं का तुम्हाला?" बायकोने विचारलं.

पट्टीराव टेप गुंडाळत राहिले. आनंदात असलेली माणसं टोमणे ऐकून घेत नाहीत, आणि ते त्या दिवशी फार आनंदात होते, कारण ताई यायची होती.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, आता निवृत्त. सगळी हयात वॉर्डातल्या खाटा तपासण्यात गेलेली. चादरीला एक सुरकुती दिसली की शिकाऊ नर्सला अख्खी खाट पुन्हा घालावी लागायची. ही बाई भावाकडे यायची ती दोन दिवसांसाठी. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपायची, आणि घरात कुणी तिच्यासाठी एखादी खुर्ची जरी इकडची तिकडे सरकवली तरी "माझ्यापायी कुणाची गैरसोय नको" म्हणून दुसऱ्या दिवशी चालू पडायची. आता ती एकटीच राहत होती, तेही इमारतीच्या पार वरच्या मजल्यावर, आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. पट्टीरावांनी इतके दिवस गळ घातली तेव्हा कुठे ती फोनवर म्हणाली, "येते. पण बघते हं. जमलं तर राहते, नाहीतर आपली परत जाते."

हे 'बघते' पट्टीरावांच्या काळजात रुतून बसलं होतं. मागची खोली ताईची करायची, आणि अशी करायची की तिला वाटलं पाहिजे, ही खोली मुळातच आपली होती, आपणच इतकी वर्षं यायचं विसरलो. धावपळ नाही, गडबड नाही, कुणाचं काही हललंय असं दिसता कामा नये. तिने यावं, पाय पसरावेत आणि राहावं. कायमचं राहावं. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती त्यांच्या मते एका चांगल्या गादीवर अवलंबून होती.

पट्टीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. ते नगररचना खात्यात नकाशे तपासायला होते. लोक घरं बांधायची स्वप्नं घेऊन येत आणि पट्टीराव त्या स्वप्नांवर पट्टी ठेवत. एका सद्गृहस्थांचा जिना नकाशात सूतभर अरुंद निघाला म्हणून त्यांनी अख्खा बंगला परत पाठवला होता. हाताखालच्या लोकांनी त्यांना हे नाव पाठीमागे ठेवलं. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांना तो गौरव वाटला. मग लोकांनी ते तोंडावरच वापरायला सुरुवात केली.

पलंगही त्यांच्या स्वतःच्या आराखड्याप्रमाणे झाला होता. चारी बाजूंनी वीतभर उंच काठ, म्हणजे गादी घसरायला नको. खाली सलग एक फळी, म्हणजे मधल्या फटींतून धूळ नको. काम संपवून निघताना सुतार म्हणाला होता, "साहेब, यात पाणी भरलंत तरी थेंब गळायचा नाही." सुताराला नेमकं काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण पट्टीराव हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रशस्तिपत्रकासारखं ऐकवत.

दुकानात गेल्यावर गादीवाल्याने त्यांना एकामागून एक गाद्यांवर झोपायला लावलं. पट्टीराव बूट काढून, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवून, परेडला उभे असल्यासारखे झोपत आणि आढ्याकडे बघून मत देत. शेवटी एक पसंत पडली. गादीवाल्याने माप विचारलं. ते पट्टीरावांना पाठ होतं, कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं.

"चारी बाजूंनी बोटभर कमी सांगा हो," बायको हळूच म्हणाली. "चादर खोचायला जागा लागेल."

"अगं, चादर म्हणजे कापड. कापडाला जाडी ती किती? कापड काय, कुठेही जातं."

"कापड जाईल हो. ते नेणारा हात कुठून जाणार?"

हा प्रश्न लाख मोलाचा होता, पण तेवढ्यात गादीवाला म्हणाला, "साहेब, इतकं नेमकं माप देणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. लोक येतात आणि 'नेहमीची मोठी द्या' म्हणतात." झालं. पट्टीराव विरघळले. स्तुती ऐकताना माणसाला बायकोचा आवाज येत नाही, हा अनुभव त्यांच्या एकट्याचा नव्हे. ते म्हणाले, "सूतभर जास्त नको आणि सूतभर कमीही नको." गादीवाल्याने मान लववली.

गादी आली. दोघांनी ती तिरकी धरून पलंगात उतरवली, वरून दाबली, आणि तिने एक दीर्घ सुस्कारा सोडला. आतली सगळी हवा निघून गेली आणि गादी काठाशी काठ लावून, डब्याला झाकण बसावं तशी बसली. पट्टीरावांनी खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढून काठाच्या कडेने फिरवलं. चारी बाजूंना कुठेही ते आत शिरलं नाही. मुंगीला शिरायचं असतं तरी तिला मागे फिरावं लागलं असतं.

हे एकट्याने बघण्यासारखं नव्हतंच. त्यांनी वरच्या मजल्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं, समोरच्या काकूंना बोलावलं. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सहजासहजी कशावर विश्वास ठेवायचे नाहीत. त्यांनी खिशातला कंगवा काढून फटीत घालून पाहिला. फटच नव्हती. "मानलं बुवा तुम्हाला," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "अगदी पलंगातच उगवल्यासारखी दिसतेय." पट्टीरावांनी सगळ्यांना चहा पाजला. त्या संध्याकाळी त्यांच्याइतका सुखी माणूस साऱ्या शहरात नसेल. ताई परवा येणार होती आणि खोली आजच तयार होती.

पाहुणे गेल्यावर बायको नवी चादर घेऊन आली. तिने ती गादीवर पसरली, चारी बाजूंनी सारखी केली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "हं. खोचा."

पट्टीरावांनी चादरीची कड बोटाने फटीत ढकलली. बोट फटीपाशीच थांबलं. नखाने ढकलली, नख मोडलं. मग त्यांनी ऑफिसची स्टीलची पट्टी आणली. पट्टी गेली, चादरही थोडी गेली, पण पट्टी बाहेर काढताच चादर तिच्याबरोबर बाहेर आली. मग स्वयंपाकघरातून उलथणं आलं. उलथण्याने एक बाजू कशीबशी आत कोंबली आणि पट्टीराव विजयी मुद्रेने दुसऱ्या बाजूला गेले. दुसरी बाजू खेचली तशी पहिली सुटली. पहिली बसवली की दुसरी उठायची, दुसरी बसवली की पहिली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाण्यांनी सांगून ठेवलंय, पण ते अंथरूण खोचायला जागा किती सोडावी याबद्दल एकाही शहाण्याने तोंड उघडलेलं नाही.

"नुसतीच वर पसरून ठेवू या का?" पट्टीराव जरा नरमाईने म्हणाले.

"ताईंच्या समोर? सुटी चादर?"

पट्टीरावांनी चादर पुन्हा उचलली. ताई परक्याच्या घरी गेली तरी बोलता बोलता तिथली लोंबणारी चादर खोचून मोकळी व्हायची. सुट्या चादरीवर झोपणं तिला रस्त्यावर झोपल्यासारखं वाटायचं.

आता पट्टीरावांना चेव आला. त्यांनी हात सरळ केला, बोटं जुळवली, श्वास रोखला आणि चादरीसकट सगळा पंजा गादी नि काठाच्या मध्ये घुसवला. हात मनगटापर्यंत गेला. "गेला बघ," ते म्हणाले. मग त्यांनी तो परत ओढला, पुन्हा ओढला. हात गेला होता खरा, पण तो आता येत नव्हता.

नेमके त्याच वेळी सेक्रेटरी पुन्हा आले. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक पट्टीरावांची राहिली होती. पट्टीराव जमिनीवर गुडघे टेकून, उजवा हात पलंगात, असे बसले होते. डावा हात पुढे करून ते म्हणाले, "आणा."

"डाव्या हाताची सही चालायची नाही," सेक्रेटरी म्हणाले. "दप्तरी तुमचा जो नमुना आहे त्याच्याशी जुळली पाहिजे."

"अहो, मी तुमच्यासमोर करतोय ना? मीच आहे हा."

"तुम्ही आहात हे मला कळतंय. कागदाला कसं कळणार?"

एरवी हेच वाक्य पट्टीराव दिवसातून पाचदहा वेळा इतरांना सुनवत. पण स्वतःचा हात अडकलेला असताना ते फार वेगळं ऐकू येतं. शेवटी काकू तेल घेऊन धावत आल्या. तेल फटीत सोडलं, हात लाल होऊन, सुजून बाहेर आला, टाकीच्या कागदावर सही झाली, त्या सहीवर तेलाचं बोट उमटलं, आणि नव्या गादीच्या एका कडेला हातभर लांब डाग पडला.

दुसऱ्या दिवशी पट्टीरावांनी ऑफिसातून रजा घेतली. त्यांच्या नोकरीत त्यांनी रजा घेतलेली कुणाला आठवत नव्हती, त्यामुळे घरी कुणीतरी गेलं असावं असं समजून दोघांनी दुखवट्याचे फोन केले.

काकूंनी तोडगा काढून ठेवलाच होता. "आधी बाहेरच गादीला चादर घाला, मग चादरीसकट गादी आत बसवा. हाय काय नि नाय काय." कल्पना इतकी सोपी होती की ती आपल्याला न सुचल्याचं पट्टीरावांना वाईट वाटलं. फक्त त्यासाठी गादी बाहेर काढायला हवी होती. पट्टीराव, बायको आणि सेक्रेटरींनी तिचं कापड चिमटीत धरून वर ओढलं. गादी वर आली. तिच्याबरोबर पलंगही वर आला. सुताराच्या कामाची तारीफ करावी तेवढी थोडी होती.

"उलटा करा," सेक्रेटरी म्हणाले. "कुठलीही वस्तू उलटी धरली की तिच्यातलं खाली पडतं. निसर्गाचा नियमच आहे तो."

काकूंसकट चौघांनी मिळून पलंग उलटा धरला. निसर्ग काही मदतीला आला नाही. मग तो उभा करून भिंतीला टेकवला आणि सेक्रेटरींनी केरसुणीच्या दांड्याने मागच्या फळीवर धपाधप ठोकलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर ठोकून जाब विचारला. गादी जागची हलली नाही. सेक्रेटरी घाम पुसत खाली बसले आणि म्हणाले, "नियमात खोट नाही. तुमची गादीच नियमाबाहेरची आहे." पलंग परत सरळ करायला कुणाच्याच अंगात त्राण उरलं नव्हतं, म्हणून तो तसाच भिंतीला टेकून राहिला.

पट्टीराव तडक दुकानात गेले. तक्रारीच्या खिडकीत एक मुलगी बसली होती.

"तक्रार काय आहे?"

"गादी मापाला अगदी बरोबर आहे."

मुलीने वर पाहिलं. "बरोबर आहे, ही तक्रार आहे?"

"हो."

"फाटली आहे का? खचली आहे? वास येतो?"

"छे छे. उत्तम आहे. सुतात फरक नाही."

"मग काका, तुम्ही चुकीच्या खिडकीत आलात. पलीकडे अभिप्राय घेतात, तिथे जा."

पट्टीराव रांगेचे, नियमाचे माणूस. खिडकी चुकली म्हटल्यावर ते मुकाट पलीकडे गेले. तिथे एका हसऱ्या तरुणाने त्यांचं सगळं बोलणं मान डोलावत ऐकून घेतलं, त्यांच्या हातात 'मी समाधानी आहे' असा पुठ्ठा दिला आणि काय चाललंय हे त्यांना कळायच्या आत फोटो काढला. तो भिंतीवर लागणार होता. पट्टीरावांचा चेहरा त्या फोटोत कसा आला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

शेवटी गादीवाला स्वतः भेटला. "साहेब, मागितली तेवढीच निघाली म्हणून गादी परत घ्यायचा आमच्यात रिवाज नाही," तो म्हणाला. "पण तुमच्यासारखं गिऱ्हाईक. कारखान्याला विचारतो. घरी येऊन कापून देता येते का बघतो. पण किती कमी करायची ते मात्र नेमकं सांगा. पुन्हा तुमचं माप चुकायला नको."

हे शेवटचं वाक्य पट्टीरावांना झोंबलं. माप चुकलं? त्यांचं? सगळ्या जगात त्यांचं एकट्याचंच तर माप बरोबर निघालं होतं, तिथेच घोडं पेंड खात होतं. घरी परतताना वाटभर ते स्वतःशी पुटपुटत होते.

दुसरा कुणी असता तर 'बोटभर' म्हणून मोकळा झाला असता. पण कुणाचं बोट? पट्टीरावांनी ठरवलं की फट एवढी हवी, जेवढी खोचणाऱ्या हाताची जाडी. अंगठीसकट. त्यांनी बायकोचा पंजा मोजला, काकूंचा मोजला, सेक्रेटरींचा मोजला. तिन्हींत मेळ बसेना. मग सरासरी काढायची तर हात जास्त हवेत म्हणून ते पट्टी घेऊन जिन्यात उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागले, "जरा हात बघू."

आता जिन्यात उभा राहून एखादा पोक्त माणूस लोकांचे हात हातात घेतो, उलटसुलट करतो, डोळे बारीक करून बघतो आणि आकडे पुटपुटतो, याचा अर्थ लोकांनी काय घ्यावा? तासाभरात इमारतीत बातमी पसरली की पट्टीरावांना हात बघता येतो, आणि इतकी वर्षं त्यांनी ते लपवून ठेवलं. त्याशिवाय का माणूस इतका अबोल असतो? लोक खाली उतरू लागले. काकूंचा हात पाहून पट्टीराव मघाशी म्हणाले होते, "तुमचा सहज जाईल." काकूंचा मुलगा परदेशी जायच्या खटपटीत होता. काकूंनी आनंदाने चार घरी हे सांगितलं होतं, आणि त्या चार घरांतली माणसं आता रांगेत उभी होती. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एका ठेकेदाराने हात पुढे केला. पट्टीरावांनी तो पुन्हा पुन्हा मोजला आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमचा मात्र अडकेल." ठेकेदाराचं कसलंसं मोठं बिल सरकारी कचेरीत पडून होतं. तो पांढराफटक पडला आणि कठड्याला धरून वर गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि ह्या रांगेतून वाट काढत, हातात बॅग घेऊन, एक दिवस आधीच, ताई जिना चढून वर आली.

"काय झालंय? कोण आजारी आहे?" तिने विचारलं. इतकी माणसं जिन्यात गोळा झालेली तिने नेहमी एकाच कारणासाठी पाहिली होती.

"ताई, तू आज?" पट्टीरावांच्या हातून पट्टी पडली.

"सोबत मिळाली, म्हटलं आजच जावं."

ताई आत गेली. थेट मागच्या खोलीत गेली. पलंग भिंतीला टेकून उभा होता आणि गादी त्यात चिकटून उभी होती. चादरीचा बोळा जमिनीवर. खिडकीत उलथणं, खुर्चीवर तेलाची बाटली. केरसुणी हातात घेऊन सेक्रेटरी कोपऱ्यात उभे, आणि पट्टीरावांच्या बायकोचे केस असे विस्कटलेले की तिने ताईला बघून नुसतेच दोन्ही हात डोक्यावर ठेवले. ताईने सगळं एकदा नीट पाहून घेतलं. वॉर्डात फेरी मारताना बघायची तसं.

"हे माझ्यासाठी चाललंय?"

"नाही, नाही," पट्टीराव घाईघाईने म्हणाले. "आमच्याकडे हे नेहमीच असं असतं."

ताईने बॅग खाली ठेवली नाही. "मी तुला सांगितलं होतं. माझ्यापायी कुणाची धावपळ नको म्हणून. तू रजा घेतलीस, सगळी इमारत कामाला लावलीस. मी नाही रे अशी राहायची. आजची रात्र बाहेर सतरंजी टाक, सकाळी निघते मी."

ज्या एका गोष्टीसाठी सगळं मांडलं होतं तीच हातची निघाली होती. लोकांच्या खोल्या मोजण्यात जन्म गेला, आणि सख्ख्या बहिणीला एक खोली धड देता आली नाही, असं त्यांना वाटलं. त्यांना खरोखरच रडू येत होतं. ते खूप काही सांगणार होते, की तू राहा, तुझ्याशिवाय मला कुणी नावाने हाक मारणारं उरलेलं नाही, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"ताई, गादी फार बरोबर घेतली गं. चादरच खोचता येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

ताईचा आवाज बदलला. सेक्रेटरींनी उगीचच केरसुणी पाठीमागे लपवली.

"म्हणजे जातच नाही. जागाच नाही."

"चादर खोचली जात नाही अशी खाट अजून व्हायची आहे," ताई म्हणाली आणि तिने बॅग भावजयीच्या हातात दिली. "पलंग खाली ठेवा. तुम्ही तिकडून धरा. तुम्ही नुसते बघताय काय, हात लावा. हळू."

पलंग खाली आला. रांगेतली माणसं एव्हाना खोलीच्या दारात जमली होती. ताईने बाह्या वर सारल्या, चादर झटकली, एका झटक्यात गादीवर पसरली. वाहवा करावी इतकी सरळ. "सगळ्यांनी नीट बघा," ती म्हणाली. "कोपरा असा उचलायचा. असा दुमडायचा. तळहात खाली, बोटं सरळ. आणि असा आत."

हात आत गेला नाही.

"ही बाजू जरा घट्ट आहे," ताई म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला गेली. तीही घट्ट होती. मग पायथ्याशी गेली. मग उशाशी. मग पुन्हा पहिल्या बाजूला, जणू एवढ्यात ती सैल झाली असेल. दारातली माणसं आढ्याकडे बघू लागली. काकूंनी तेलाची बाटली पुढे केली, ताईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की काकूंनी ती पदराआड केली. एकदा ताईची बोटं पेरापर्यंत आत गेलीही, सगळ्यांनी श्वास रोखला, पण बोटं परत आली तेव्हा चादर त्यांच्याबरोबरच होती.

ताई सरळ उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते. पट्टीरावांना ते लाल गाल ओळखीचे होते. लहानपणी पट्टीराव सागरगोट्यांत जिंकायला लागले की तिचे असेच गाल व्हायचे, आणि मग ती जिंकेपर्यंत कुणालाही जेवायला उठू देत नसे.

"इतकी वर्षं चादरी खोचल्या मी," ती गादीला उद्देशून म्हणाली. "पेशंट वर झोपलेला असताना त्याच्याखाली खोचल्या. त्याला जाग येऊ न देता. आणि ही मला नाही म्हणते?"

"राहू द्या हो ताई," पट्टीरावांची बायको मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही दमला असाल. आणि सकाळी निघायचंय ना तुम्हाला. तुम्ही गेल्यावर आम्ही बघू काहीतरी."

ताई गर्रकन वळली. "कुठे निघायचंय? हिला वठणीवर आणल्याशिवाय मी इथून हलत नाही. माझी बॅग ठेव त्या कपाटात. आणि कपाट पुसलंयस का? राहू दे, मी पुसते. तुम्हा लोकांना साधी चादर घालता येत नाही, बाकीचं घर कसं चालवताय देव जाणे."

बायकोने पट्टीरावांकडे पाहिलं. आपली बायको किती हुशार आहे हे पट्टीरावांना त्या क्षणी नव्याने समजलं, आणि त्यांनी अंगठीसकट तिचा हात क्षणभर घट्ट धरला.

तेवढ्यात फोन वाजला. पट्टीराव बाहेरच्या खोलीत गेले. गादीवाला होता, आणि भलताच खुशीत होता.

"साहेब, काम झालं तुमचं. कारखाना तयार आहे. उद्या सकाळीच कारागीर घरी पाठवतो. चारी बाजूंनी कापून, शिवून, अर्ध्या तासात देतो. चादर अशी जाईल की बघत राहाल. फक्त किती कमी करायची तेवढं सांगा."

पट्टीरावांनी दारातून आत पाहिलं. ताईने एका बाजूला बायकोला उभं केलं होतं, दुसऱ्या बाजूला काकूंना. सेक्रेटरी गुडघ्यांवर बसून चादरीचं टोक धरून होते आणि ताई त्यांना टोक धरतात कसं ते शिकवत होती. "उद्या गुळगुळीत पट्टी आणू कुठून तरी," ती म्हणत होती, "नाहीच जमलं तर परवा दुसरी युक्ती करू. काही घाई नाही मला."

पट्टीराव दोन पावलं मागे आले, फोनवर हात धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

"हे बघा," ते म्हणाले, "उद्या नको. कारागिराला आठ-दहा वर्षांनी पाठवलंत तरी चालेल."